स्वयंपाकघरातली खुडबुड

"बाईला अशक्तपणा आहे म्हणे, पण घर बघा कसं ठेवलंय!" हे वाक्य आमच्या जिन्यात मी स्वतः निदान चार वेळा बोलले असेन. कौतुकाने बोलले. म्हणून आता जो राग काढणार आहे, त्यातला पहिला वाटा माझा. तो मुकाट्याने पदरात घेते आणि पुढचं सांगते.

ही हकिकत माझ्या समोरच्या दारातल्या वहिनींची. नात्याने काहीच नाही, पण पंधरा वर्षं एका मजल्यावर राहिलो की वहिनी म्हणायला नातं लागत नाही. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांची मागची दारं एकाच अरुंद गॅलरीत उघडतात. पुढच्या दाराने गेले तर मी पाहुणी, मागच्या दाराने गेले तर घरची. वहिनी पन्नाशीच्या जरा अलीकडे, अंगाने बारीक, चालणं झपाझप. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'लखलख काकू' म्हणतात. त्यांच्या फरशीत तोंड दिसतं. चप्पल घालून कोणी आत पाऊल टाकलं तर त्या तोंडाने काही बोलत नाहीत, नुसत्या पायांकडे बघतात, आणि माणूस आपोआप मागे सरकतो.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे, दोन माणसं उभी राहिली की भरलं. ते अकराला उघडतं. त्याआधी सकाळचे दोन-अडीच तास भाऊजी घरीच, बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडून, नाजूक कामं उरकतात. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, चिमट्यात तिळाएवढा स्क्रू. माणूस वाईट नाही. हे मुद्दाम लिहितेय. वाईट असता तर सोपं होतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

भाऊजींचा कान मोठा तयार. घड्याळ कानाशी धरलं की आत काय बिनसलंय ते झाकण न उघडता सांगतात. घराच्या बाबतीतही त्यांनी हीच रीत ठेवली होती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय, म्हणजे घर चालू आहे. आवाज थांबला की बसल्या जागेवरून हाक, "काय गं, बंद पडलीस का?" आणि समोर गिऱ्हाईक किंवा शेजारी असला की त्याला ऐकवायचं, "आमची ऑटोमॅटिक आहे हो, किल्ली द्यावी लागत नाही." लोक हसायचे. वहिनी हसायच्या. मीही हसलेय.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी त्यांचं पातेलं परत द्यायला मागच्या दाराने गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता, चमचा डब्यात पडल्याचा. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा एक चमचा. मला वाटलं, भांडी लावतायत. दार ढकललं तर ओट्यापाशी कोणीच नाही.

वहिनी खाली होत्या. फ्रिज आणि ओटा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जुन्या चादरीची चौघडी घालून आडव्या. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. उजव्या हाताशी दोन डबे. एकातला चमचा उचलायचा, दुसऱ्यात टाकायचा. हात तेवढा हलत होता, बाकीचं शरीर जणू दुसऱ्या कोणाचं होतं.

"वहिनी!"

त्यांनी आधी ओठांवर बोट ठेवलं, मग डोळे उघडले. याच क्रमाने.

"हळू बोल. हे बाहेर बसलेत."

"काय करताय हे?"

"चमचे लावतेय."

"झोपून?"

"चमच्यांना काय फरक पडतोय, मी झोपलेय की उभी आहे?"

मी पातेलं ठेवलं आणि तिथेच फरशीवर बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. गेले पाच महिने अंगावर जात होतं. पाळी आली की जायचं नावच घ्यायची नाही. पंधरा-पंधरा दिवस. शेवटी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा त्या एकट्याच पलीकडच्या रस्त्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं होतं, सोनोग्राफी लगेच करा, महिनाभर सक्त विश्रांती घ्या, चक्कर येऊन पडलात तर इकडे न येता सरळ मोठ्या हॉस्पिटलात जा, रक्त चढवावं लागेल. ती चिठ्ठी मिक्सरच्या खोक्यात होती. मिक्सरच्या खोक्यात घरातलं दुसरं कोणी हात घालत नाही, म्हणून.

गेले सहा आठवडे हे चाललं होतं आणि त्यासाठी वहिनींनी चक्क एक पद्धत बसवली होती. पुढच्या दारात उभं राहिलं की जेवढं घर दिसतं, तेवढं सकाळी साडेआठच्या आत लखलखीत करायचं. पडद्यामागचं, पलंगाखालचं, कपाटाच्या आतलं जसं असेल तसं. भाजी चिरायची ती जमिनीवर बसून, भिंतीला पाठ टेकून. कुकर गॅसवर चढवला की शिट्ट्या होईपर्यंत आडवं व्हायचं. पूर्वी तीन शिट्ट्या करायच्या, आता पाच होऊ द्यायच्या. तेवढीच दोन शिट्ट्यांची विश्रांती जास्त. भाताचा लगदा व्हायचा. त्यावर भाऊजी काय म्हणाले होते माहितेय? "हल्ली भात छान मऊ होतो गं."

"आणि चमचे?" मी विचारलं.

"आवाज थांबला की हाक येते. हाक आली की उठायचं, बाहेर जायचं, काय झालं ते सांगायचं. ओ द्यायला जेवढा दम लागतो ना, त्यापेक्षा चमचा उचलायला कमी लागतो."

"मग सांगा ना त्यांना एकदाच सरळ!"

"सांगितलं होतं."

त्यांनी ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला वाटलं, पुढे काहीतरी असेल. पुढे हे होतं. डॉक्टरीणबाईंकडून आल्या त्या मंगळवारी त्यांनी जेवताना सांगितलं, की अशक्तपणा फार आहे, आराम करायला सांगितलाय. भाऊजी म्हणाले, "मग कर ना आराम. उद्याचा दिवस झोप काढ." मायेने म्हणाले. दुसऱ्या दिवशी वहिनी खरंच झोपल्या. संध्याकाळी उठल्या तर सिंकमध्ये सकाळपासूनची भांडी, दोरीवर कालचे कपडे, आणि कॉलेजातून आलेली लेक दारात उभी, "आई, काही खायला आहे?" पाठोपाठ भाऊजी, "बरं वाटलं ना झोपून? चल, चहा टाक."

"आराम केला की काम कमी होत नाही गं," वहिनी म्हणाल्या. "उद्यावर जातं आणि तिथे फुगून बसतं. मग कशाला करायचा आराम?"

मला संताप आला. एवढा, की मी तशीच बाहेरच्या खोलीत जाऊन भाऊजींच्या टेबलावरचे सगळे स्क्रू उधळणार होते. वहिनींनी माझं मनगट धरलं. त्या धरण्यात जोर नव्हता आणि त्यानेच मी थांबले.

"आत्ता नको. शुक्रवारी ताई येतायत."

ताई म्हणजे भाऊजींची थोरली बहीण. वसतिगृहाच्या मेसमध्ये तीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई. दीडशे मुलांना ओळीत उभं करून वाढणारी, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक जेवायला बसतील. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडला होता, तो पडद्याला दाबून धरतो म्हणे, म्हणून दहा-बारा दिवस दिवसरात्र पालथं पडून राहायचं. दुसऱ्या डोळ्याने आधीपासूनच अंधुक. एकटी बाई, तिने जायचं कुठे? भावाकडे. भावाने फोनवर "ये की, घर तुझंच आहे" म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर आत येऊन बायकोला कळवलं.

"ताई गेल्या की सांगते," वहिनी म्हणाल्या. "आत्ता सांगितलं तर वाटेल, त्या यायच्या म्हणून आजारी पडले. आयुष्यभर ऐकावं लागेल. तू शपथ घे, बोलणार नाहीस."

मी शपथ घेतली. पदवी घेतलेली, चार पुस्तकं वाचलेली, दुसऱ्यांच्या मुलींना 'आपल्यासाठी उभं राहायला शिका' असं सांगणारी मी. घेतली शपथ.

तरी एकदा जिन्यात भाऊजी भेटले तेव्हा मी खडा टाकून पाहिला. "भाऊजी, वहिनींचा चेहरा उतरलाय हो हल्ली."

"छे हो!" ते किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत म्हणाले. "थोडा अशक्तपणा आहे, गोळ्या चालू आहेत. पण आजारी माणूस असा असतो का? सकाळपासून आत खुडबुड चालू असते. मी काम करत असतो, कान असतो ना माझा तिकडे."

कान असतो म्हणे. पंधरा पावलांवर बायको होती. डोळे होते, पाय होते, आणि हा गृहस्थ कानावर समाधानी होता. जे भिंग लावून दुसऱ्यांच्या घड्याळातला केसाएवढा कचरा शोधतात, ते भिंग कपाळावर सरकवून कधी एकदा आत डोकावावं, एवढीच अपेक्षा होती. लेकीचं तरी काय वेगळं? वीस वर्षांची घोडी, पण तिची परीक्षा जवळ आलेली असली की घरातलं बाकी सगळं आपोआप होत असतं. परीक्षा वर्षातून किती वेळा जवळ येते, हे तिच्या वयाच्या सगळ्या लेकींच्या आयांना विचारा.

शुक्रवारी ताई आल्या. एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्यावर काळा चष्मा, मान खाली घालून भावाच्या हाताला धरून. त्यांना आतल्या खोलीत झोपवलं. या खोलीची आणि स्वयंपाकघराची भिंत एकच. पलंगाच्या कडेला उशी लावून, तोंड खाली, कपाळ उशीवर.

"स्वागत असं जमिनीकडे बघून घ्यावं लागतंय," ताई उशीत बोलल्या. "फरशी मात्र चकचकीत दिसतेय, असं अंदाजाने म्हणते."

"लखलख काकू आहेत त्या," लेक म्हणाली.

त्यानंतरचे दिवस मी आठवले तरी दात-ओठ खाते. दर दोन तासांनी ताईंच्या डोळ्यात थेंब घालायचे. त्यांना बाजूला वळवून भरवायचं, बाथरूमपर्यंत हात धरून न्यायचं. आणि हे सगळं बाकीचं सांभाळून. वहिनींच्या पायांवर सूज आली. दोन खोल्यांमधलं अंतर त्या भिंतीला हात लावत कापायच्या. कोणी समोर आलं की भिंत पुसल्यासारखं करायच्या.

आणि मी काय केलं? मी माझ्या घरी त्यांचा स्वयंपाक करायला लागले. मागच्या गॅलरीतून भाजीचं पातेलं, डाळीचं पातेलं त्यांच्या ओट्यावर ठेवून यायचे. वहिनी तोपर्यंत खाली आडव्या होऊन चमचे वाजवायच्या. मला तेव्हा वाटत होतं की मी मदत करतेय. करत होते ती त्या खोट्याला मदत. माझी भाजी त्यांच्या ताटात पडत होती, आणि भाऊजी बहिणीला सांगत होते, "बघ ताई, तू आलीस तरी हिचं काही अडत नाही."

ताईंचं कपाळ उशीवरच. पालथ्या पडलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे त्यांना काय वाटतंय हे कोणालाच कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी थेंब घालायला मी गेले. वहिनींनीच विनवलं होतं. भाऊजी बाहेर टेबलापाशी. लेक आपल्या खोलीत पुस्तकात. मी थेंब घातले, ताईंना परत पालथं केलं, उशी सारखी केली.

"बस जरा," ताई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. खाली सोडलेला होता. "मला एक सांग. ही आत काय करतेय?"

"भांडी लावतायत."

"कुठली?"

मी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावायला लागले.

"अकरा चमचे आहेत," ताई म्हणाल्या. "अकरा झाले की थांबते, मग परत पहिल्यापासून. काल सकाळी सात वेळा झालं. परवा मोजलं, तेव्हा मला वाटलं मीच चुकतेय. आणि नळ सोडते तेव्हा पाणी थेट सिंकच्या तळावर पडतं, भांड्यात नाही. तीस वर्षं मेसमध्ये काढलीत बाई. आत दहा पोरी भांडी घासायच्या आणि त्यातली कोण नुसता नळ सोडून गप्पा मारतेय, ते मला चुलीपाशी पाठ करून कळायचं. पण ही गप्पा मारत नाही. मग काय करतेय?"

"ताई, मी..."

"आणखी एक. इथे कांद्याची फोडणी मी पाच दिवसांत एकदाही ऐकलेली नाही. वास येतो, पण तो गॅलरीकडून येतो. तुझ्याकडून येतो. खरं की नाही?"

ज्या बाईची घरात सगळ्यांना धास्ती, जिला दिसत नाही, मान वर करता येत नाही, तिला पाच दिवसांत कळलं. आणि दोन धडधाकट डोळ्यांच्या माणसांना सहा आठवड्यांत नाही. मी शपथ मोडली. सगळं सांगितलं, मिक्सरच्या खोक्यातल्या चिठ्ठीसकट.

ताईंनी उशी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग नेहमीच्या आवाजात हाक मारली, जी अख्ख्या मजल्याने ऐकली असेल. "अरे ए! इकडे ये!"

भाऊजी आले. भिंग कपाळावर.

"काय झालं ताई? थेंब झोंबले का?"

"बूट काढ."

"घातलेच नाहीत."

"घरातल्या चपला काढ. आता स्वयंपाकघरात जा. चोरासारखा जा, पाय न वाजवता. आणि आत जाऊन तोंड उघडू नकोस, फक्त बघ."

"काय बघू?"

"गेल्यावर कळेल. बावीस वर्षं घरात राहतोस, तुला तुझ्या स्वयंपाकघराचा रस्ताही सांगायचा का?"

भाऊजी गेले. मी मागोमाग. ते दारात जाऊन थांबले आणि त्यांची पाठ मला दिसत होती. चमचा पडला. थोड्या वेळाने आणखी एक. भाऊजी हलले नाहीत. मला त्यांच्या खांद्यावरून आतलं दिसलं. वहिनी डोळे मिटून पडल्या होत्या. चादर फरशीवरून सरकून गोळा झाली होती. चेहरा शेवाळी. हात डब्यात चाचपडत होता, पुढचा चमचा सापडत नव्हता.

भाऊजींनी हाक मारली नाही, पण अंगावर सावली पडली असावी. वहिनींनी डोळे उघडले. नवऱ्याला बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील?

"चहा टाकते."

आणि खरोखर उठायला गेल्या. फ्रिजचं हँडल धरलं. फ्रिजचं दार उघडलं, त्या दाराबरोबर फिरल्या आणि खाली आल्या. भाऊजींनी धरलं म्हणून डोकं ओट्यावर आपटलं नाही.

लेकीला ताईंपाशी ठेवून आम्ही मोठं हॉस्पिटल गाठलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेचार निघालं. तिथल्या डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला. "यांना इथे कसं आणलं?" "रिक्षाने." "नाही, म्हणजे त्याआधी. या घरात चालत होत्या?" भाऊजी म्हणाले, "चालत होत्या? सगळं करत होत्या हो त्या." त्यावर डॉक्टरांनी भाऊजींकडे असं बघितलं, की मला वाटलं आता हे काहीतरी बोलतील. पण त्यांना रक्ताची सोय करायची होती.

पहिली बाटली लागली, वहिनींच्या ओठांना जरा रंग आला, तेव्हा भाऊजी पलंगापाशी स्टूल ओढून बसले आणि ते वाक्य बोलले, ज्याची मी वाटच बघत होते. सगळ्या घरांत हे एकच वाक्य बोललं जातं.

"अगं, सांगायचं ना!"

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं नाही सांगत. पण मला ते पाणी दिसेना, वाक्यच दिसत होतं. म्हणजे पुन्हा चूक तिचीच. पाच महिने रक्त तिचं गेलं, जमिनीवर ती पडली, आणि वर सांगायचं काम राहून गेलं तेही तिचंच! न सांगता कळण्याचं काम कोणाकडे आहे या घरात? त्याची पाळी कधी लागते?

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनीच बोलल्या. डोळे मिटूनच.

"सांगितलं होतं. मंगळवारी, जेवताना. तुम्ही म्हणालात, झोप काढ."

"पण एवढं आहे हे..."

"एवढं खाली गेलंय हे मलाही माहीत नव्हतं. मला फक्त उभं राहवत नव्हतं. तेवढं पुरायला हवं होतं ना?"

भाऊजींनी कपाळावर हात नेला. भिंग अजून तिथेच होतं. ते त्यांनी काढून खिशात टाकलं.

तीन बाटल्या चढल्या. गर्भाशयात गाठी निघाल्या. ऑपरेशन करायचं ठरलं, पण रक्त भरून आल्यावर, दीड-दोन महिन्यांनी. तोपर्यंत पलंग. डॉक्टरांनी भाऊजींना कागदावर लिहून दिलं, काय काय करू द्यायचं नाही. तो कागद बघून मला आणखी राग आला. बाईने आडवं व्हायचं तर तिला हॉस्पिटलचा शिक्का लागतो.

घरी आल्यावर ताईंनी पालथ्या पडल्या पडल्या कारभार हातात घेतला. "ती काढून टाक तुझी परीक्षेची पाटी," त्या लेकीला म्हणाल्या. "परीक्षा मीही दिल्यात. एका हाताने पुस्तक धरून दुसऱ्या हाताने कढई ढवळून." लेक सुरुवातीला फणफणली, मग रडली, मग भात लावायला शिकली. पहिल्या दिवशी भांडं करपलं. भाऊजींनी कपडे धुतले, तेव्हा रंगीत-पांढरं एकत्र घातलं आणि त्यांचे सगळे बनियन गुलाबी झाले. ताई म्हणाल्या, "मला दिसत नाही, पण ऐकून बरं वाटलं."

चार-पाच दिवसांत भाऊजींचं कौतुक सुरू झालं. गॅलरीत कपडे वाळत घालताना बायकांनी त्यांना बघितलं होतं. "बायकोसाठी किती करतात हो! असा नवरा मिळायला भाग्य लागतं." बावीस वर्षं तीच दोरी, तेच कपडे, तेच चिमटे, तेव्हा कोणाला भाग्य-बिग्य दिसलं नव्हतं. मी दोघीतिघींना तोंडावर हे ऐकवलं. एकीने माझ्याशी बोलणं सोडलं. सोडू दे.

घराचं सांगायचं तर फरशीवर आता पावलांचे ठसे दिसायचे. सोफ्यावर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग. टीपॉयवर कपांची वर्तुळं. आतल्या खोलीत ताई होत्या, म्हणून वहिनी लेकीच्या खोलीत पडून हे सगळं ऐकायच्या, हुंगायच्या. चादरीची कडा मुठीत धरायच्या. मला त्यांची भीती वाटायची. गोळ्या, रक्त, ऑपरेशन, सगळं होईल, पण या उठल्या तर? एकदा नुसतं फडकं हातात घेतलं की संपलं. घर मग लगेच पूर्ववत. सगळे सुटकेचा निःश्वास टाकून आपापल्या जागेवर परत.

एका दुपारी भाऊजी दुकानातून लवकर आले. वरच्या मजल्यावरच्या तिघीजणी भेटायला आल्या होत्या. बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता. सोफ्यावरचा ढीग उचलून कुठे ठेवायचा यावर त्यांची कुजबूज चालली होती, आणि ती कुजबूज आत स्पष्ट ऐकू येत होती. मी वहिनींच्या पलंगापाशी बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला. लाज होती ती.

"बसा, बसा," भाऊजी बाहेर म्हणाले. "मी मस्त चहा करतो."

स्वयंपाकघरात डब्यांची झाकणं उघडल्याचे, लावल्याचे आवाज. मग हाक. "अगं, साखर कुठेय?"

वहिनींनी पांघरूण बाजूला केलं.

"अगं, ऐकलंस का? साखर!"

त्यांचे पाय पलंगाखाली गेले. चपला चाचपडत होते. मी त्यांना धरलं असतं तर त्या थांबल्या असत्या, पण उद्या मी तिथे नसते.

"पाहुणे खोळंबलेत गं! कुठल्या डब्यात आहे?"

एक चप्पल पायात आली. वहिनी तशाच बसून राहिल्या, दोन्ही हात पलंगाच्या कडेवर. मग त्यांनी तो पाय चपलेतून काढला. दोन्ही पाय उचलून वर घेतले, पांघरूण कमरेपर्यंत ओढलं, आणि पंधरा वर्षांत मी त्यांचा कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात, बाहेरच्या तिघींना सहज ऐकू जाईल असं, एकच शब्द बोलल्या.

"शोधा!"

मग कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. साखर कुठल्या फळीवर, कुठल्या डब्यामागे असते ते मला पक्कं माहीत होतं. भाऊजी दारात येऊन माझ्याकडे आशेने बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत बसले.